ऑनर सोसायटीने ‘नाही’ म्हटल्यावर

माझी मुलगी बारावीत होती तेव्हा मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होते. हे वाक्य लोकांना सांगितलं की ते आधी हसतात, मग ‘ग्रेट हं’ म्हणतात. मला मात्र त्यात ग्रेट काही वाटायचं नाही. भीती वाटायची.

आम्ही अजमानला राहायचो. नवऱ्याचं ऑफिस दुबईत, जुमेरा लेक टॉवर्सला. तो उजाडायच्या आत गाडी काढायचा, नाहीतर शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलाच. मी घराजवळच्या एका नर्सरीत असिस्टंट होते. मुलांचे डबे उघडून देणं, नाकं पुसणं, दुपारी त्यांना झोपवणं. काम आवडायचं. पण टीचर व्हायचं तर डिग्री हवी, असं नर्सरीने स्पष्ट सांगितलं आणि लग्नाआधी पुण्यात अर्धवट सोडलेलं बी.कॉम. काही उपयोगाचं नव्हतं. म्हणून तिथल्याच एका युनिव्हर्सिटीत बालशिक्षणाच्या कोर्सला नाव घातलं. वर्ग संध्याकाळी. वर्गातल्या मुली माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या.

अभ्यास मी घाबरून करायचे. दुसरा शब्द नाही त्याला. लेक्चर फोनवर रेकॉर्ड करून पोळ्या लाटताना पुन्हा ऐकायचे. इंग्रजी शब्द अडला की पीठ लागलेल्या बोटाने फोनवर अर्थ शोधायचे. निबंध आधी मनात मराठीत व्हायचा, मग इंग्रजीत उतरायचा, मग लेक वाचून म्हणायची, “आई, नोबडी टॉक्स लाइक धिस.” मग मी तो पुन्हा लिहायचे. मार्क चांगले पडत गेले, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, या वेळी चुकून पडले असतील.

एके दिवशी युनिव्हर्सिटीची मेल आली. वरचे मार्क असलेल्या विद्यार्थ्यांची एक ऑनर सोसायटी होती. अर्ज करायचा, मग मुलाखत. निवड झाली की पदवीदानाच्या दिवशी गाउनवर सोनेरी गोफ घालायला मिळतो. मी मेल बंद करून टाकली. नवऱ्याने ती माझ्या खांद्यावरून वाचली होती.

“अगं, भर की! तुझे मार्क बघ.”

“मुलाखत आहे त्यात.”

“मग? खातात का तुला?”

मी अर्ज भरला. त्याने लगेच ऑफिसात सांगितलं, मराठी मंडळाच्या ग्रुपवर सांगितलं. निवड झाल्यासारखंच सांगितलं.

आयुष्यात मी कधीच मुलाखत दिली नव्हती. नर्सरीतलं काम ओळखीने मिळालं होतं. मी उत्तरं पाठ केली, शिक्षणाविषयीचे माझे विचार, पुढच्या योजना, वगैरे. खोलीत टेबलापलीकडे तिघं बसलेले. मधल्या प्राध्यापक बाई जॉर्डनच्या, बारीक कापलेले पांढरे केस, बोलणं मोजकं. त्यांनी विचारलं, “तुम्ही कधी इतरांचं नेतृत्व केलं असेल, पुढाकार घेतला असेल, असा एक प्रसंग सांगा.”

हे पाठ केलेल्यात नव्हतं.

माझ्या कानात सूं असा आवाज सुरू झाला. मी म्हटलं, “आय अ‍ॅम ओन्ली असिस्टंट.” बाई थांबल्या. पुढे काही येईल म्हणून तिघंही थांबले. मी म्हटलं, “माय इंग्लिश इज नॉट सो गुड.” मग आणखी एक-दोन प्रश्न झाले, ते काय होते ते आजही आठवत नाही. बाहेर आले तेव्हा सलवार-कमीजची पाठ घामाने चिकटली होती, आणि आत तर एसी थंडगार होता.

नकार आला तेव्हा मी नर्सरीत होते. मुलं गाद्यांवर झोपली होती, पडदे ओढलेले, कोपऱ्यात कुणीतरी अंगठा चोखत होतं. फोन थरथरला. ‘खेद आहे’ हे शब्द पहिल्याच ओळीत होते. निवड झालेली नाही, कारण काही दिलेलं नाही. मी फोन एप्रनच्या खिशात ठेवला आणि एका मुलाचं सरकलेलं पांघरूण नीट केलं. मग दुसऱ्याचं केलं, ते नीटच होतं.

वाईट वाटेल अशी माझी कल्पना होती. झालं वेगळंच. मला वाटायला लागलं, त्या तिघांनी मला ओळखलं. एवढे मार्क मिळवणारी बाई एका साध्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे, असं त्यांना नक्की वाटलं असणार. आता ते माझे जुने पेपर काढतील. निबंध कुणी लिहून दिले म्हणून विचारतील. लेकीने चार वाक्यं दुरुस्त केली होती, ते सांगावं लागेल. मग कोर्सवरून काढतील, मग नर्सरीला कळेल. परक्या देशात असं काही झालं तर त्याची झळ कुठपर्यंत जाते, नवऱ्याच्या व्हिसापर्यंत जाते का, हेही मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. कुणालाही विचारलं नाही. विचारलं की खरं होईल अशी भीती.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “खलास. सोड. त्यांचं नुकसान.” पण त्याला ग्रुपवर जे सांगितलं होतं ते निस्तरावं लागणार होतं. शनिवारी मंडळातल्या एकांच्या घरी जेवण होतं. दारातच एक काकू म्हणाल्या, “या, या, आमच्या गोल्ड मेडलिस्ट!” नवरा घाईने म्हणाला, “नाही हो काकू, या वेळी नाही झालं.” त्यांनी माझ्याकडे अशा काही मायेने पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी सगळा वेळ स्वयंपाकघरात कोशिंबीर कालवत उभी राहिले.

युनिव्हर्सिटीत मी मुलाखतीतल्या त्या बाईंच्या ऑफिसवरून जाणं बंद केलं. वर्ग पहिल्या मजल्यावर, तरी मागच्या जिन्याने लांबून जायचे. एकदा लिफ्टचं दार उघडलं आणि आत पांढरे केस दिसले. मी वळून सरळ टॉयलेटमध्ये गेले आणि दाराला कडी लावून उभी राहिले. त्या बाई वेगळ्याच होत्या, हे नंतर कळलं.

आणि मग निरीक्षणाचं वेळापत्रक लागलं. त्या सत्रात प्रत्येकीने एखाद्या नर्सरीत मुलांचा एक पाठ घ्यायचा होता, मी माझ्याच नर्सरीत; युनिव्हर्सिटीतून कुणीतरी येऊन तो पाहणार आणि मार्क देणार. माझ्या नावासमोर त्याच जॉर्डनच्या बाईंचं नाव होतं.

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. लेक पुन्हापुन्हा म्हणायची, “आई, इट्स जस्ट अ क्लब.” मी तिला म्हटलं, “क्लब नाही गं. आता त्या येणार आहेत. नर्सरीत. माझ्या वर्गात.”

“सो?”

“सो काय सो! त्यांना माहितीये मी कशी आहे ते.”

मी कोर्स सोडायचं ठरवलं. एका दुपारी नर्सरीतून थेट माझी गाडी घेऊन युनिव्हर्सिटीत गेले. पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसले. शेवटी उतरून रजिस्ट्रेशनच्या खिडकीशी गेले. म्हटलं, या सत्रातून नाव मागे घ्यायचंय. खिडकीतला माणूस स्क्रीनकडे पाहत म्हणाला, “सिस्टर, सिस्टम बंद है. कल आना, इन्शाल्ला.”

मी परत आले. लेक डायनिंग टेबलाशी वह्या पसरून बसली होती. मी तिला सांगितलं, उद्या जाऊन नाव काढून टाकणार. वाटलं होतं, ती वैतागेल, डोळे फिरवेल. ती हातातलं पेन खाली ठेवून नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा लहानपणी ताप चढला की व्हायचा तसा झाला होता.

“यू आर स्केअरिंग मी, आई,” ती म्हणाली. “यू डोन्ट ईट. यू टॉक टु युवरसेल्फ इन द किचन. आय डोन्ट नो व्हॉट टु डू.”

मी स्वयंपाकघरात स्वतःशी बोलते, हे मला माहीतच नव्हतं.

मी तिला जवळ घेतलं. सगळं ठीक होईल असं म्हणायचा धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी गेले नाही. यात शौर्य काही नव्हतं. बाईंची भीती होतीच, तिच्याहून मोठी भीती आता लेकीच्या त्या चेहऱ्याची झाली, एवढंच.

पाठ ठरवला, काय तरंगतं आणि काय बुडतं. घरची कणीक मळायची मोठी परात नेली, पाणी भरलं. लिंबू, चमचा, बाटलीचं झाकण, खडा, स्पंज. बोलायची सगळी वाक्यं इंग्रजीत पाठ केली, अगदी ‘गुड जॉब, एव्हरीवन’पर्यंत. बाई आल्या, मागे भिंतीशी छोट्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर वही घेतली. मी सुरुवात केली. लिंबू उचललं, विचारलं, हे तरंगेल की बुडेल? मुलं ओरडली. लिंबू तरंगलं. आणि पुढचं वाक्य गेलं.

पार गेलं. मी परातीकडे बघत उभी. मागे पेन कागदावर घासल्याचा आवाज आला. पुन्हा कानात ते सूं सुरू झालं. मला वाटलं, झालं, संपलं, आता बाहेर पळावं.

एक छोटी मुलगी, नेहमी पुढे बसणारी, म्हणाली, “मिस, व्हाय यू नॉट टॉकिंग?”

मी म्हटलं, “आय फरगॉट.”

“ओके,” ती म्हणाली, आणि तिने चमचा उचलून पाण्यात टाकला. मग दुसऱ्याने खडा टाकला. तिसऱ्याने स्वतःचा सॅंडल. सॅंडल तरंगला! सगळे किंचाळले. मी खाली बसले, ओल्या फरशीवरच, आणि खाली बसल्यावर मुलांचे चेहरे नेहमीसारखे माझ्या समोर आले. मग मी रोज बोलते तसं बोलायला लागले, जसं सुचेल तसं, तुटक. सॅंडल का नाही बुडला? स्पंज हळूहळू का खाली जातोय? भीती गेली नव्हती. पेनचा आवाज आला की वाक्य मधेच तुटायचं. शेवटचं गाणं घ्यायचं मी विसरले, आणि एक मुलगा ओल्या फरशीवरून घसरता घसरता वाचला.

नंतर मुलांच्या एका बुटक्या टेबलाशी आम्ही दोघी बसलो. त्यांनी सरळ सांगितलं. फरशी पुसायला कापड जवळ हवं होतं. पाठाचा शेवट झालाच नाही. मुलांबरोबर खाली बसलात ते चांगलं, त्यांचं ऐकलंत ते चांगलं. पास केलं. मार्क बरे होते, माझ्या नेहमीच्या मार्कांपेक्षा कमी.

त्या वही मिटायला लागल्या. माझ्या तोंडून निघूनच गेलं, “मॅडम, सोसायटीत मला का घेतलं नाही?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मीच ‘नाही’ म्हटलं होतं,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “जागा थोड्या होत्या. बाकीच्यांनी आपण काय केलं ते सांगितलं. तुम्ही फक्त आपण काय नाही ते सांगितलंत.”

“म्हणजे... माझ्या मार्कांविषयी काही...”

“मार्क?” त्यांना खरंच कळेना. “मार्कांविषयी कुणीच काही बोललं नाही. मार्क उत्तम आहेत. म्हणून तर बोलावलं होतं.” मग मोबाइल पर्समध्ये टाकत म्हणाल्या, “यल्ला, चला, मला पुढच्या नर्सरीत जायचंय.”

त्या गेल्या. मी परात रिकामी केली, फरशी पुसली. हायसं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. जुने पेपर कुणी काढले नव्हते. कुणी माझ्या मागावर नव्हतं. त्या सगळ्या दिवसांत मला जे दिसत होतं ते एकट्या माझ्या डोक्यात उभं राहिलं होतं, इतकं खरं की मी त्यापायी टॉयलेटमध्ये लपले होते. असं काही मी कधीही पुन्हा उभं करू शकते, हा विचार मनात आला आणि अंगावर काटा आला.

घरी लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सो शी वॉज राइट.” मी म्हटलं, “हो. बरोबरच होत्या.” त्या संध्याकाळी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता. नाही केला. शेवटचं वर्ष जड होतं, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीतलं ते टेबल पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती. लेकीला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.

पदवीदानाला मोठा हॉल होता. सोनेरी गोफवाल्या मुली पुढच्या रांगांत होत्या, दिव्यांत चमकत होत्या. मी मागे, काळ्या गाउनमध्ये. वाईट वाटलंच, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त वेळ मला भीती वाटत होती ती साडीत पाय अडकून पायऱ्यांवर पडेन याची, आणि माझं नाव घ्यायचं राहून जाईल याची. शेजारची मुलगी म्हणाली, “आंटी, ब्रीद.” मी श्वास घेतला. माइकवरच्या माणसाने माझ्या आडनावाची पार वाट लावली. पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग कळलं, ते माझंच होतं. मी निऱ्या हातात धरल्या आणि उठले.