पाच मिनिटं पुढे

फौजेच्या सिग्नल्समध्ये हवलदार असताना माझी पोस्टिंग उत्तरेतल्या एका बर्फाळ पोस्टवर होती. काम सांगायला सोपं: सगळ्या घड्याळांची वेळ एक ठेवायची. कॉम्प्युटर असो की रेडिओ सेट, प्रत्येक जण टाइम सर्व्हरला विचारतो, किती वाजले? उत्तर वाटेत किती रेंगाळलं तेही हिशेबात धरतो आणि आपलं घड्याळ जुळवतो. आमचे सेट ठरल्या क्षणी सगळे मिळून फ्रीक्वेन्सी बदलत. वेळ चुकली की एकमेकांना ऐकूच येत नाही.

फौजेत फॉल-इनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, पाच मिनिटं आधी पोचायचं असतं. जवान उशिरा येतात म्हणून आमच्या सुभेदार साहेबांनी ऑपरेटरकडून चक्क सर्व्हरचंच घड्याळ पाच मिनिटं पुढे करवलं. मी ड्यूटीवर आलो, पाहिलं आणि डोकंच फिरलं.

"साहब, ये दीवार की घड़ी नहीं है. पेट्रोल पुराना टाइम लेकर गया है."

"पाँच मिनट से क्या होता है?"

पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, या बदलाआधीच निघालं होतं. त्यात लान्स नायक हिरालाल होता, आमच्या नंदुरबारकडचा, धानोऱ्याचा. पोस्टवर माझ्याशी अहिराणीत बोलणारा तो एकटाच.

दुपारी पेट्रोलचा संदेश यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, टाइम मागे घेऊ द्या. साहेब म्हणाले, "पहले बैटरी देखो." बॅटरी पाहिली. "एन्टेना देखो." बर्फात चढून एन्टेनाही पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी कंपनी कमांडर आले, त्यांना टाइमचं सांगितलं.

"करो," ते म्हणाले.

वेळ मागे घेतली आणि सेट बोलू लागला. पेट्रोलवर बर्फ कोसळला होता. हिरालाल छातीपर्यंत दबलेला, सेट त्याच्याच हातात. सोबतचे हातांनी उकरत होते.

"कव्हयना बलाई ऱ्हायनू, भाऊ. तू कथा व्हता?" केव्हाचा बोलावत होता तो मला, आणि मी कुठे होतो, विचारत होता.

"आठेच शे. माणसं निंघनात. बोलत ऱ्हाय."

तो बोलत राहिला नाही. स्ट्रेचर पोचलं तेव्हा तो गेलेला होता.

आता दर वर्षी त्याच्या वरसीला धानोऱ्याला जातो. त्याच्या घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं, बस चुकू नये म्हणून. माझा संताप होतो, पण त्या माणसांना काय बोलणार? त्याची माय चहा देते आणि विचारते, "शेवटले काय बोलना मन्हा पोऱ्या?"

"तुन्ही याद काढी, माय."

तो खरं काय बोलला, ते तिला कुठल्या तोंडानं सांगू?