रेडिओकाकांची जुनी डिस्क

रेडिओकाकांनी तीस वर्षं गल्लीतले रेडिओ दुरुस्त केले, त्यामुळे यंत्राने आपलं ऐकलंच पाहिजे असा त्यांचा समज होता. बायकोनेही ऐकावं, असं वाटायचं. ते एकदाच झालं. काकू शिवणाचा वर्ग चालवत. "एवढे कागद कशाला? सगळं कॉम्प्युटरमध्ये सुखरूप आहे," असं काकांनी छातीठोकपणे सांगितलं आणि काकूंनी कपड्यांच्या मापांचे एकशे चाळीस आराखडे रद्दीत दिले.

पुढे वर्ग बंद पडला. वीस वर्षांनी, येत्या सोमवारी, तो पुन्हा सुरू व्हायचा होता. बारा जणींनी नावं दिली होती आणि आराखडे होते जुन्या हार्ड डिस्कवर. काकांनी ती लिनक्स ही प्रणाली घातलेल्या कॉम्प्युटरला जोडली. लिनक्सने तिला ओळखच दाखवली नाही.

तीन दिवस काका काळ्या पडद्यावर हुकूम सोडत बसले. इंटरनेटवर कुणीतरी विचारलं, "कॉम्प्युटरची आणि ही जुनी, अशा दोन डिस्क एकाच केबलवर आहेत ना? जुनीचा जंपर तपासलात का?" जंपर म्हणजे डिस्कच्या मागच्या पिनांवर बसणारा तांदळाएवढा तुकडा. पहिली कोण आणि दुसरी कोण हे तो ठरवतो. तो नसला की दोघी पहिल्या नंबरासाठी भांडतात. "हे मला शिकवणार," म्हणत काकांनी घुश्शात लिनक्सच नव्याने घातलं. दोनदा.

रविवारी दुपारी नाइलाजाने त्यांनी जुनी डिस्क उलटी केली. पिना उघड्या होत्या, जंपर कधीच गळून पडला होता. दुकानं बंद होती.

"तुझे आराखडे माझ्यामुळे गेले," काका म्हणाले. असं वाक्य त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून काकू हातातलं शिवण ठेवून आल्या.

"काय हरवलंय?"

"एवढासा तुकडा. काळा. खाली दोन भोकं."

काकूंनी बटणांचा डबा टेबलावर पालथा केला आणि हुकांच्या ढिगातून एक तुकडा उचलला. "हा का? केर काढताना सापडला होता. तुम्ही फेकून दे म्हणालात."

"मग फेकला नाहीस?"

"कागद फेकले, तेव्हापासून तुमचं ऐकणं सोडलंय."

जंपर बसला, डिस्क दिसली, आराखडे उघडले. काकांना लगेच धीर आला. "बघ, म्हटलं नव्हतं, सुखरूप आहे?"

काकूंनी प्रिंटर चालू केला. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीसही आराखडे त्यांनी छापून घेतले, ट्रंकेत घातले, कुलूप लावलं आणि किल्ली बटणांच्या डब्यात टाकली.