शाळेमागचं शेत

"आधी वहाणा काढ, मग बोल."

शेताच्या बांधावर कोणीही आलं की आमच्या शेतकीच्या मास्तरांचं हे पहिलं वाक्य. विद्यार्थी असो, पालक असो, नाहीतर तपासणीला आलेले साहेब असोत. मोठ्या माणसांसाठी 'काढ'चं 'काढा' व्हायचं, एवढीच काय ती सवलत.

बोरिवलीच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि ते शेतकी. असा एखादा मास्तर तुमच्याही शाळेत असेल, ज्याचा विषय इतरांना फावल्या वेळचा वाटतो. ते मूळचे गोराईचे. पहाटे घरची शेती उरकायची आणि होडीनं खाडी ओलांडून शाळेत यायचं, असा त्यांचा जन्मभराचा नेम. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर कायम वालाचं नाहीतर दुधीचं बी वाळत पडलेलं असायचं. चुकून कोणी बसायला गेलं की ओरडायचे, "अहो, त्याला उगवायचंय, तुम्हाला नाही!"

शाळेमागच्या भातशेतात प्रत्येक मुलाची लावणीची ओळ ठरलेली असे. "मार्क मी देत नाही रे, दिवाळीत शेत देईल," असं ते सांगायचे. रोपं नीट न रोवल्यानं आडवी पडली तर मुलाला मारायचे नाहीत. म्हणायचे, "रात्रभर पडून होती बिचारी. जा, माफी माग त्यांची." आणि पोरं खरंच चिखलात वाकून माफी मागायची. ते बघून मला आधी हसू यायचं आणि मग हसल्याची लाज वाटायची.

हपिसात जाणाऱ्या पालकांना हे पसंत नव्हतं. एकजण तणतणत आला, "मास्तर, माझ्या मुलाला काय माळी करणार तुम्ही?"

"आधी वहाणा काढा," मास्तर म्हणाले. "आणि माळी कसला? त्याला अजून गवत कुठलं आणि भात कुठलं तेच कळत नाही. माळी व्हायला खूप वेळ आहे त्याला."

त्या वर्षी शाळेच्या मंडळाच्या डोक्यात सभागृहाचं खूळ शिरलं. जागा शेताची आणि भूमिपूजन दसऱ्याला. मास्तर अध्यक्षांना भेटायला गेले, सोबत मीही गेलो.

"बांधा तुम्ही, मी नको म्हणत नाही," मास्तर म्हणाले. "फक्त दिवाळीपर्यंत थांबा. आत्ता कुठे दाण्यात दूध भरतंय. पोरांनी लावलंय, पोरांना कापू दे."

"मास्तर, तांदूळ वाण्याकडेही मिळतो," अध्यक्ष म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

इतकी वर्षं झाली, ते हसू आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. सभागृह थोडं थांबलं असतं तर कोणाच्या बापाचं काय जात होतं? त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांना फिकीर नव्हती.

वर कडी म्हणजे, भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी शिपायाकरवी निरोप धाडला. मांडवाच्या तोरणाला शेतातल्या थोड्या लोंब्या हव्या होत्या!

"देतो म्हणावं," मास्तर एवढंच बोलले.

दसऱ्याच्या सकाळी मी शाळेत पोचलो तेव्हा शेत कापून झालं होतं. हिरवे भारे बांधावर पडले होते आणि मास्तर विळा पुसत होते.

"मास्तर, हे काय केलंत?"

"त्यांच्या बुटांखाली जाणारच होतं. त्यापेक्षा माझ्या हातानं गेलं."

मांडवात अध्यक्षांचं भाषण रंगात आलं होतं. मास्तर डोक्यावर भारा घेऊन आत शिरले, तशी स्वागतगीतासाठी बसवलेली शेतकीची मुलं उठून उभी राहिली. मास्तरांनी भारा अध्यक्षांच्या पायाशी टाकला. एक लोंबी ओढून बोटांत चिरडली. पांढरं दूध बोटांना लागलं.

"तोरणाला लोंब्या हव्या होत्या ना? घ्या. सगळ्या आणल्यात. पोरांच्या आहेत आणि कच्च्या आहेत."

अध्यक्ष क्षणभर गडबडले. मग हात जोडून म्हणाले, "बघा, मास्तरांनी आपल्या हातानं जागा मोकळी करून दिली! याला म्हणतात त्याग!"

आणि त्या निर्लज्ज पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी पंच्याला हात पुसले आणि खाडीच्या वाटेला लागले. आमच्या शाळेत ते पुन्हा कधी आले नाहीत.

मांडवात टाळ्या थांबल्या तरी मुलं उभीच होती. हेडमास्तर ओरडत राहिले, "बसा रे, खाली बसा!"

एकही मुलगा बसला नाही.