खरवडलेलं लेबल

माझा दादा कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. चाळीस थर कापड एकदम कापतो, पण सुताचाही फरक पडू देत नाही. मधुमेहाशीही त्याचं वागणं तसंच. जेवण घड्याळाच्या काट्यावर, सकाळी बोट टोचून साखर वहीत, झोपण्याआधी आरसा जमिनीवर ठेवून तळपायांची तपासणी. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, त्याला नऊ वर्षं झाली. पन्नाशी ओलांडली तरी तो मला छकुली म्हणतो आणि मी त्याच्यावर हुकूम सोडते.

गेल्या वर्षी साखरेनं त्याच्या डोळ्यांचा पडदा बिघडवला. लेझर झालं, काही महिने बारीक अक्षर दिसणार नव्हतं. मालकानं त्याला कापड पारखायला बसवलं. ते त्याच्या बोटांना डोळ्यांशिवाय जमतं. आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायचं काम मात्र माझ्याकडे आलं. त्यातल्या एका बाटलीचं लेबल पार खरवडलेलं.

"ही कसली रे?"

"साखरेचीच. लेबल भिजून निघालं."

भिजलेलं आणि ब्लेडनं खरवडलेलं यातला फरक मला कळत नाही होय? पण मी सोडून दिलं.

मग एका दुपारी कामावर त्याला दरदरून घाम फुटला, हात लटपटले. साखर फार खाली गेली होती. मालकानं साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. साखरेच्या तीन-तीन गोळ्या कशाला, असं माझ्या डोक्यानं घेतलं. एक जास्तीची असणार, आणि ती बिननावाचीच. दादाला विचारलं असतं तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून मी गुपचूप तेवढ्याच लांबीची जीवनसत्त्वाची गोळी आणून तिच्या जागी डबीच्या खणात टाकू लागले. तो बोटानं चाचपून घ्यायचा. तीन महिन्यांत पुन्हा घाम फुटला नाही, आणि मी स्वतःवर खूश होते.

तपासणीला तो नेहमी एकटा जायचा. या वेळी दिसत नव्हतं म्हणून मला नेलं, पण बाहेरच्या बाकावर बसवलं. थोड्या वेळानं गोळ्यांची डबी घेऊन मला आत बोलावलं. डॉक्टरबाईंनी एक खण उघडला, लांबट गोळी उजेडात धरली.

"मास्तर, ही आपली गोळी नाही."

"एचआयव्हीची नाही?" दादा म्हणाला. मी खोलीत आहे हे तो विसरलाच होता.

एचआयव्ही, माझ्या दादाला. आणि गोळी बदलली होती मी.

"बारा वर्षांत तुमचा एक दिवस चुकला नव्हता," बाई म्हणाल्या. "विषाणू रक्तात सापडतही नव्हता. आता हजारोंनी आहे. डबी कोण भरतं?"

"मीच," दादा म्हणाला. ज्याला समोरचं माणूस धड दिसत नव्हतं, तो.

"खोटं बोलतोय. मी भरते," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. जुनी गोळी त्याच दिवशी सुरू केली. पण ती अजून लागू पडते की विषाणू तिला सरावलाय, हे दुसऱ्या तपासणीतून तीन आठवड्यांनी कळणार होतं. मी माझ्या हातानं दादाला मारलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

गोळी लागू पडत होती. रिपोर्ट घेऊन घरी आलो आणि माझा तोल सुटला.

"नऊ वर्षं एका घरात राहतो आपण. मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"तू आलीस त्याच आठवड्यात सांगणार होतो," दादा हळूच म्हणाला. "तू तुझ्या जुन्या शेजारणीचं सांगत होतीस. तिच्या मुलाला हाच आजार होता. म्हणालीस, त्यांच्या घरचं पाणीसुद्धा मी कधी प्याले नाही."

मला ते वाक्य आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. पण माझी जीभ मला माहीत आहे, ते माझंच असणार. पेल्यानं हा आजार पसरत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी त्या दिवसापासून त्यानं स्वतःचा पेला वेगळा ठेवला, स्वतः घासला. मला ती त्याची टापटीप वाटायची, आणि नऊ वर्षं मी त्याला त्यावरून चिडवत आले.