बन्सीलालभाऊ खुर्चीवरून उठत नाहीत

आमच्या जळगावच्या कॉलेजात तत्त्वज्ञान विभाग आहे, हे बाकीच्या प्राध्यापकांना फक्त हिवाळ्यात आठवतं. हिवाळ्यात तिथे एम.ए.च्या तोंडी परीक्षा असतात, बाहेरगावचे परीक्षक येतात आणि त्यांच्यासाठी इमारतीमागे भरीत होतं. वांगी भाजतात विभागाचे शिपाई, बन्सीलाल तायडे.

नशिराबादहून सायकलवर येणारा हा माणूस एकोणतीस वर्षं पुस्तकांवरची धूळ झटकत होता. झटकता झटकता आत डोकावायची खोड लागली, आणि ती इतकी वाढली की सत्तावन्नाव्या वर्षी गृहस्थ स्वतःच एम.ए.ला बसले. प्रकल्पाचा विषय घेतला शहाणपण, ग्रीकांचं आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचं. विभागप्रमुख योगेंद्र सरांनी पाठ थोपटली. सर फार पुरोगामी. फक्त पाठ थोपटून झाली की त्यांनाच चहा आणायला सांगायचे.

गेल्या वर्षी पहिलाच प्रश्न चालू असताना सरांनी हाक मारली, "भाऊ, वांगी बघा जरा!" भाऊ गेले. परत आले तोवर परीक्षक जेवायला उठले होते. शेरा पडला, गैरहजर. यंदाची संधी शेवटची.

सकाळी निघताना बायको द्रौपदाबाई, माहेर नरडाण्याचं, उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आज वांगा भाजात ना, ते घर येवू नका!"

कॉलेजात सर वाटच बघत होते. "भाऊ, कपाशीच्या पऱ्हाट्या आल्यात. पेटवून घ्या पटकन."

"सर, आज मी विद्यार्थी आहे."

"आहातच की! पण भाजणार कोण?"

"शहाणपणावर तुमचा प्रबंध आहे ना? भाजा."

असं म्हणून भाऊ आत जाऊन खुर्चीवर बसले, ते खिळे ठोकल्यासारखे.

परीक्षक चारुलता मॅडम धुळ्याच्या. त्यांनी विचारलं, "सॉक्रेटिसला शहाणा का म्हणायचं?"

"तो सगळ्यांच्या दारात गेला, मॅडम. पुढाऱ्यांच्या, कवींच्या, कारागिरांच्या. कारागिरांना हातचं काम येतं, हे त्याने मानलं. पण एक काम आलं म्हणून सगळंच येतं असं त्यांना वाटे. ह्याला निदान आपल्याला काय येत नाही ते कळत होतं."

फट्! बाहेर काहीतरी फुटलं. पाठोपाठ दुसरं. दारात सर उभे, नाकावर राख. "भाऊ, या ना हो. वांगी फुटतायत."

भाऊंनी मान वळवली नाही. "टोचे मारले होते?"

"मारायचे असतात?"

"पुढचा प्रश्न, मॅडम."

मॅडमनी रुमालात हसू दाबलं. "ख्रिस्ती लोकांनी वेगळं काय सांगितलं?"

"ग्रीक म्हणायचे, शहाणपण वर आहे, विचार करत चढा. हे म्हणाले, ते स्वतःच खाली उतरलं, सुताराच्या घरी राहिलं आणि क्रूसावर मेलं. पंडित हसले. गुलाम आणि कोळी हसले नाहीत."

"तुम्हाला काय पटतं?"

"मी बुद्धवंदना म्हणणारा माणूस. मला उतरणारा देव नको. पण हसणाऱ्यांच्या बाकावर मी बसणार नाही."

"अजून बरेच प्रश्न आहेत. बाहेर धूर वाढतोय."

"सगळे विचारा. गेल्या वर्षीचेसुद्धा."

पाऊण तास चालली परीक्षा. मॅडमनी गुणपत्रकावर सही केली, ती भाऊंच्या डोळ्यांसमोर. मगच भाऊ उठले आणि मागे गेले. शिल्लक होती चार वांगी. सरांनी लगबगीने सुरी पुढे केली. भाऊंनी हात पाठीमागे बांधले.

"सुरी तुमच्याच हातात राहू द्या, सर. मी शिकवतो. आधी म्हणा, मला येत नाही."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळा विभाग ताटं घेऊन उभा होता. "येत नाही," सर पुटपुटले.

"मागे ऐकू आलं नाही," चारुलता मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी द्रौपदाबाईंनी निकाल विचारलाच नाही. नवऱ्याचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले, हुंगले, आणि त्याला घरात घेतलं.