त्यांचे शेरे, माझं अक्षर

पुस्तक परत करताना ताई ते टेबलावर ठेवत नसत, आपटत. मग पदराने चष्मा पुसत विचारायच्या, "भाऊ, ह्या पुस्तकात भांडी कोण घासतं?"

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. नाशकातल्या एका जुन्या वाचनालयात मी पुस्तकांच्या देवघेवीला बसत होतो. ताई एका शाळेत शिपाई होत्या. माहेर येवल्याकडचं, घर बौद्ध वस्तीत, शिक्षण सातवीपर्यंत. शाळा सुटली, वर्ग झाडून झाले की त्या साडेपाचच्या सुमाराला यायच्या. बाकीचे सभासद पुस्तक परत देताना 'छान आहे' म्हणत. तुम्हीही म्हणत असाल. मीसुद्धा म्हणायचो, पुष्कळदा न वाचताच.

ताई वाचायच्या आणि चिडायच्या. एका गाजलेल्या प्रेमकथेची नायिका तीनशे पानं खिडकीत उभी होती. ताईंना प्रश्न पडला, हिच्या घरी पाणी कोण भरतं? ऐतिहासिक कादंबरी परत करताना म्हणाल्या, एवढे घोडे दौडले, पण लीद काढणारा एक माणूस नाही. रहस्यकथा मात्र त्यांना आवडायच्या, आणि कारण ऐकून मी गार झालो होतो. त्यात निदान मोलकरणीला विचारतात तरी, तू काय पाहिलंस म्हणून. संशय घ्यायला का होईना.

एकदा मी त्यांना एक थोर कादंबरी दिली, जी आमच्याकडे नमस्कार करूनच कपाटातून काढायची पद्धत होती. तिच्यात एक गरीब कुटुंब उपाशी राहतं, मालकाचा मार खातं आणि शेवटी त्याच्याच पोराला पुरातून वाचवतं. ताईंनी ती दोन दिवसांत आणून आपटली.

"गरीब माणूस पुस्तकात गेला की त्याचा राग कुठं जातो, भाऊ?"

वाक्य मला इतकं आवडलं की त्या गेल्यावर मी पेन्सिल घेतली आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ते लिहून ठेवलं. मग सवयच लागली. ताईंचं बोलणं, माझं अक्षर, खाली नाव नाही. पुढच्या वाचकाने वाचावं म्हणून लिहीत होतो, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला स्वतःचं मत नव्हतं आणि त्यांचं फुकट मिळत होतं.

व्हायचं तेच झालं. एका वयस्कर सभासदाने ती थोर कादंबरी नेली आणि शेवटचं पान बघून तणतणत चिटणिसांकडे आला. चिटणिसांनी कपाटं उपसली. अशी अकरा पुस्तकं निघाली. ही वाक्यं कोणाची, ते दालनात बसणाऱ्या सगळ्यांनाच माहीत होतं. संध्याकाळी ताई आल्या तेव्हा चिटणीस आणि तो वयस्कर सभासद माझ्याच टेबलापाशी उभे होते. वाचायला आलेले पाचसहा जण वर्तमानपत्रं खाली करून बघत होते.

चिटणीस ताईंशी बोललेच नाहीत. त्यांच्या डोक्यावरून त्या वयस्कर गृहस्थाला म्हणाले, अशा लोकांना सभासद करू नका, असं मी तेव्हाच सांगत होतो.

"अशा म्हणजे कशा?" ताईंनी विचारलं.

चिटणिसांनी ती थोर कादंबरी शेवटच्या पानावर उघडून टेबलावर टाकली. ताईंनी पुस्तक जवळ ओढलं, चष्मा लावला आणि शेवटचं पान वाचलं. माझं अक्षर त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यांचं कार्ड दर आठवड्याला मीच भरत होतो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कार्डं लावायला घेतली. ती लावलेलीच होती.

"बोलले मी. लिहिलं नाय," त्या म्हणाल्या.

मग कोणी लिहिलं, असं चिटणिसांनी विचारलं.

"ज्यानं लिहिलं त्याला तोंड हाय."

एवढं बोलून त्या थांबल्या. चांगल्या मिनिटभर थांबल्या. मला तोंड होतं, आणि ते मी मिटून ठेवलं. नोकरी कच्ची होती, वडील आजारी होते, ही कारणं मी नंतर शोधली. त्या मिनिटात फक्त भीती होती. ताईंनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि त्या गेल्या. चिटणिसांच्या सांगण्यावरून मी त्यांच्या नावावर लाल रेघ मारली. तीही माझ्याच हाताने.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शाळेत गेलो. त्या पाण्याचं पिंप घासत होत्या. मी म्हणालो, मी खरं सांगून टाकणार आहे.

"मला कशाला सांगता? मला म्हाईत हाय. ज्यांना नाय त्यांना सांगा."

त्यांना सांगायला मला चार महिने लागले. दुसरीकडे पक्क्या नोकरीचा हुकूम हातात पडल्यावर मी चिटणिसांच्या घरी जाऊन लेखी कबुली दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, झालं ते झालं, त्या बाईंना हवं तर नवा अर्ज करू दे. माफीचा एक शब्द नाही. मी पुढे कितीतरी वर्षं त्या माणसावर जळत राहिलो. स्वतःवर जळण्यापेक्षा ते सोपं होतं.

मी कोरा अर्ज घेऊन ताईंकडे गेलो. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"ह्याला सभासदाची शिफारस लागते," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी तुमचीच होती."

पुढे पाचसहा वर्षांनी त्या मला एकदाच दिसल्या, दिंडोरीच्या एसटीत. केस पांढरे झाले होते. खिडकीशी बसून एक जाडजूड पुस्तक वाचत होत्या. मी दोन बाकं मागे बसलो. मध्येच त्यांनी पुस्तक खाडकन मिटलं, बाहेर बघत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या आणि मग पुन्हा उघडलं. काय खटकलं असेल, हे विचारायला जीव तुटत होता. विचारायचा हक्क मी कधीच घालवून बसलो होतो.

एका फाट्यावर त्या उतरल्या. पुस्तकाचं नाव तरी दिसावं म्हणून मी खिडकीतून वाकलो. वरती वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं.