अळणी ताट

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या भावामुळे. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या मळ्यातली वांगी तो बैलबंडीतून अकोल्याच्या बाजारात न्यायचा, आणि त्याच बंडीत बसवून त्याने मला हायस्कुलात नेऊन घातले. आमच्या घरात कुणाला सही येत नव्हती. मी अमरावतीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो आणि तिथेच प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. ते उपकार मी विसरलेलो नाही. तरीही १९४१ साली मला त्याचा जेवढा राग आला तेवढा पुढे कुणाचाच आला नाही.

त्याचे डोके सतत दुखे, सकाळी पापण्या सुजत, नजर अंधुक होत चालली होती. गावच्या वैदूने रक्त वाढले म्हणून जळवा लावल्या. मी चिडून त्याला अमरावतीच्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रक्ताचा दाब मोजायला दंडाला पट्टा गुंडाळला. पारा चढतच गेला. मग त्याची लघवी नळीत तापवली, ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. मी विज्ञान शिकलेला म्हणून डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावले. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचले की ते आपले एक प्रथिन रक्तात सोडते, त्यातून शिरा आवळतात आणि दाब वाढतो.

“हे अलीकडेच कळलंय. औषध अजून नाही. मीठ बंद करा. नाहीतर डोळे जातील, किंवा मेंदूत रक्तस्राव होईल.”

घरी आल्यावर मी वहिनीला एवढेच बजावले, “मीठ बंद.”

दोन महिन्यांनी गेलो तर त्याचे पायही सुजलेले. जेवताना मी त्याच्या वाटीतले वरण चाखले. खारट होते. मी वाटी आपटली.

“वहिनी, मी काय सांगितलं होतं?”

“भाऊजी, अळणी आपल्यात सुतकात वाढतेत. जित्या नवऱ्याच्या ताटात कशी वाढू? मले कुंकू पुसाले सांगता काय?”

“तिले काहून बोलून राहिला?” भाऊ म्हणाला. “मीच म्हटलं, टाक मीठ. तुह्या बी.एस्सी.त हेच शिकवते काय, भाऊ जिता असताना त्याचं सुतक पाळाले?”

“डोळे जातील तुझे.”

“जाऊ दे. मले कुठं पेपर वाचाचा हाये.”

आणि तो हसला. मी भरल्या ताटावरून उठलो आणि स्टेशनावर गेलो. गाडीत बसल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि राग वाढला, आता स्वतःवरही. त्या प्रथिनाची हकीकत मी कॉलेजात दहा जणांना फळ्यावर चित्र काढून सांगितली होती. घरच्या दोघांना एकदाही नाही. दुसऱ्याच दिवशी मी त्याला पत्र टाकले.

“दादा,

हे पत्र गावच्या शाळेतल्या गुरुजींकडून वहिनीसमोर वाचून घे. मी अजून रागातच आहे. तुझं मूत्रपिंड तुझ्याच रक्तात असं द्रव्य सोडतंय की शिरा आवळतात. पाटाचं तोंड दाबलं की पाणी बांध फोडतं, तसं तुझ्या डोक्यात होईल. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, त्याने जोर आणखी वाढतो. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नुसता हुकूम सोडला, ती चूक माझी. हसलास, ती तुझी.

शनिवारी दिवाळीची सुटी लागते. मी येतो. सुटी संपेपर्यंत तुझ्याच ताटात जेवीन, अळणी. वहिनीला सुतक धरायचंच असेल तर तिने दोघांचं धरावं. वाटीत मीठ लागलं तर वाटी अंगणात जाईल. थोरला म्हणून तुझी गय करणार नाही.

तुझा धाकटा”